'टेस' पहिल्यांदा पाहताय?
कादंबरी वाचली नसली तरी बिनधास्त पाहा. इंग्रज लेखक थॉमस हार्डीच्या १८९१ च्या कादंबरीवरचा रोमान पोलान्स्कीचा हा चित्रपट (१९७९) जवळपास तीन तासांचा आहे, त्यामुळे एक निवांत संध्याकाळ काढा.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- गोठ्यावरचा, दूध काढणाऱ्या मुलींचा भाग संथ म्हणून पळवतात. नायिका टेसच्या वाट्याचं सुख तेवढंच आहे हो! ते चुकवलंत तर शेवट भिडणार नाही.
- सगळा दोष टेसला फशी पाडणाऱ्या श्रीमंत अ‍ॅलेकवर टाकतात. तो स्ट्रॉबेरी भरवतो तेव्हा तिचा अवघडलेला चेहरा पाहाच. पण अ‍ॅलेकबद्दलची तिची कबुली ऐकून तिचा सज्जन नवरा एंजल कसा थिजतो, तेही पाहा.

छायाचित्रणाला ऑस्कर मिळालंय, म्हणून मोबाइलवर नको. हार्डीच्या कादंबऱ्यांवरचे बाकीचे चित्रपट नंतर सांगतो.