अमेरिकेत गोरे अल्पसंख्य झाले की तिथली मतं आपोआप उदारमतवादी होतील का?

तुमचा प्रश्न असा आहे की २०४५ च्या सुमारास अमेरिकेत गोऱ्यांचं प्रमाण निम्म्याखाली जाणार म्हणतात, तर मग समलिंगी विवाह, गर्भपात, स्थलांतर या विषयांवर देश आपसूक उदारमतवादी होणार आणि पुराणमतवादी रिपब्लिकन पक्ष कायमचा घरी बसणार का?

मला तसं वाटत नाही. बावीस वर्षं ह्यूस्टनमध्ये काढली आणि त्यातली निम्मी वर्षं मीही हेच गणित छातीठोकपणे मांडत होतो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून मांडायचं सोडलं. का ते सांगतो, पण आधी त्या २०४५ कडे बघू. घोळ तिथूनच सुरू होतो.

तो आकडा जनगणना खात्याच्या २०१८ मधल्या अंदाजातला. २०१० मध्ये हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नसलेले गोरे ६३.७ टक्के होते, २०२० मध्ये ५७.८ टक्के उरले. अठरा वर्षांखालच्या मुलांत तर ते आत्ताच निम्म्याखाली आहेत. इथपर्यंत सगळं खरं. पण गोरा म्हणायचं कोणाला?

एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, भाचीचा व्हिडिओ कॉल आला. “मामा, पिल्लूचं काय भरू?” समोर जनगणनेचा ऑनलाइन फॉर्म. भाची पुण्याची, नवरा टेक्सासचाच, त्याचे पणजोबा मेक्सिकोतून आलेले. पोरगं वर्षाचं. फॉर्मवर आधी विचारतात, हिस्पॅनिक आहे का? मग वेगळा प्रश्न, वंश कोणता? तिने स्वतःसाठी ‘एशियन इंडियन’ वर खूण केली. नवऱ्याने ‘अन्य’ निवडून पुढे ‘मेक्सिकन’ लिहिलं. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, तिकडे सीमेजवळच्या रिओ ग्रँड सिटीत राहतात. त्यांना फोन लावला तर म्हणाल्या, “मी ‘व्हाइट’ लिहिलं. नेहमीच लिहिते.” सख्खे मायलेक, रंग तोच, आणि सरकारदरबारी वंश दोन.

हा काही आमच्या घरचाच तमाशा नाही. २०१० मध्ये ५३ टक्के हिस्पॅनिकांनी स्वतःला फक्त गोरं नोंदवलं होतं. २०२० मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. दहा वर्षांत कोणाची कातडी बदलली नाही. फॉर्मवरची लिहायची जागा वाढली आणि लिहिलेलं वर्गवारीत टाकायची पद्धत बदलली, बराचसा फरक त्यातून आला. आपलंच घ्या ना. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ‘भारतीय गोरे नव्हेत’ म्हणून नागरिकत्व नाकारलं, १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० पासून ‘एशियन इंडियन’ अशी वेगळी चौकट मिळाली. तेव्हा २०४५ मध्ये निम्म्याखाली नेमकं कोण जाणार, हे त्या वेळी चौकटी कशा आखल्या असतील त्यावर ठरेल. भाचीचं पोरगं आजच्या हिशेबाने ‘अल्पसंख्य’. गोरा बाप आणि मराठी आई असलेलं, दोन्ही वंश नोंदवलेलं मूलही तिकडेच.

आता तुमचं गणित तपासायला २०४५ पर्यंत थांबायची गरज नाही. कॅलिफोर्निया आहे की. तिथे गोरे २००० च्या जनगणनेतच निम्म्याखाली गेले होते. तिथे उमेदवारांबरोबर कायद्याच्या प्रस्तावांवरही मतदार थेट मत देतात. नोव्हेंबर २००८ मध्ये या राज्याने उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांना ६१ टक्के मतं दिली आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, ५२ टक्क्यांनी समलिंगी विवाहावर बंदी घातली. २०२० मध्ये बायडनना ६३ टक्के मतं, आणि सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात व सरकारी नोकऱ्यांत वंश विचारात घ्यायची मुभा परत आणायचा प्रस्ताव मात्र ५७ टक्के मतांनी आपटला. आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्यांना आरक्षणासारखी सवलत मिळेल असं धरलं होतं, अशांची भरपूर वस्ती असलेल्या राज्याने ती नाकारली. २०२४ मध्ये विवाहबंदीचा तो मजकूर राज्यघटनेतून काढायला सुमारे ६३ टक्के मतदार तयार झाले, आणि चोरी व ड्रग्जच्या गुन्ह्यांच्या शिक्षा कडक करायला ६८ टक्के. एकाच दिवशी! याला उदारमतवादी म्हणायचं की उलट, तुम्हीच ठरवा.

मतं बदलतात, प्रश्नच नाही. पण प्रत्येक विषयाची चाल निराळी. समलिंगी विवाहाला गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के पाठिंबा होता, २०२३ मध्ये ७१ टक्के. एवढी उडी लोकसंख्या बदलून बसत नाही, सत्तावीस वर्षांत तेवढे म्हातारे मरत नाहीत आणि तेवढे तरुण जन्मत नाहीत. जिवंत माणसांनीच मत बदललं. कोणाचा मुलगा, कोणाची ऑफिसातली मैत्रीण, असं ओळखीचं कोणीतरी उघडपणे सांगू लागलं, हे त्यातलं मोठं कारण. तरी तो रस्ताही एकेरी नाही. रिपब्लिकनांतला पाठिंबा ५५ टक्क्यांपर्यंत चढून २०२५ मध्ये ४१ वर उतरला.

गर्भपात म्हणजे उलटं प्रकरण. १९७५ पासून गॅलप विचारतंय आणि ‘काही परिस्थितीत कायदेशीर असावा’ म्हणणारे तेव्हाही निम्म्याच्या आसपास होते, आजही आहेत. २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क देणारा रो विरुद्ध वेड निकाल फिरवला आणि ऑगस्टमध्ये कॅन्ससने, म्हणजे ट्रम्पना हमखास निवडणाऱ्या आणि गोऱ्यांची मोठी बहुसंख्या असलेल्या राज्याने, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून काढायचा प्रस्ताव ५९ टक्क्यांनी फेटाळला. लोकसंख्येचं गणित इथे कुठेच लागत नाही.

आणि स्थलांतर हा बाथरूममधला नळ आहे. गरम झालं की लोक थंड सोडतात, गार पडलं की गरम. बायडनच्या काळात सीमेवर रीघ लागली तेव्हा, २०२४ मध्ये, ५५ टक्के लोक म्हणत होते की स्थलांतर कमी करा. ट्रम्प आले, धरपकड सुरू झाली आणि वर्षभरात तेच प्रमाण ३० टक्क्यांवर आलं.

मग २०२४ मध्ये मी गप्प का झालो? विहीणबाईंमुळे. रिओ ग्रँड सिटी स्टार काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येते. तिथले सुमारे ९७ टक्के लोक हिस्पॅनिक. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटनना तिथे ७९ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्प जिंकले. १८९२ नंतर तिथे पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार जिंकला. त्या डिसेंबरात आम्ही त्यांच्याकडे तमाले करायला बसलो होतो. मक्याच्या पानावर पीठ थापायचं, सारण भरायचं, दुमडायचं, वाफवायचं, म्हणजे हळदीच्या पानातल्या पातोळ्याच, फक्त आत डुकराचं मांस. मी चाचरत विचारलं. त्यांनी पीठ थापणं न थांबवता कारणं मोजली. अंडी आणि पेट्रोलचे भाव. धाकटा मुलगा तेलविहिरींवर कामाला, भाचा सीमेवर पहारा देणाऱ्या बॉर्डर पॅट्रोलमध्ये. आणि “आम्ही रांगेतून आलो, यांना घाई कसली?” शेवटच्या वाक्याला मी दचकलो, कारण हेच वाक्य, शब्दशः, आमच्या मंडळाच्या गणपतीत ग्रीन कार्डसाठी बारा-पंधरा वर्षं ताटकळलेल्या एका मित्राकडून ऐकलं होतं. विहीणबाईंच्या आजेसासऱ्यांच्या वेळी ती रांग होती की नाही, हा वाद मी घातला नाही. हातात पीठ होतं.

रंगावरून मत ओळखणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण, आपल्या जवळचं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून गेले. त्यांच्या मतदारसंघात काळ्यांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटचा मोठा भाग येतो, आणि त्यामुळे जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या शहराला काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत काळ्या उमेदवारांची गर्दी झाली आणि मतं फुटली. आपल्याकडच्या पालिकेच्या वॉर्डात होतं, तसंच.

राहिला रिपब्लिकन पक्ष घरी बसण्याचा मुद्दा. पक्ष काही पुतळे नव्हेत, मतदार सरकले की तेही सरकतात. २०२४ मध्ये ट्रम्पना देशभरात ४९.८ टक्के मतं पडली, आणि स्टार काउंटीसारख्या ठिकाणांशिवाय ती पडली नसती. पण ती मतं आता त्यांच्या खिशात आहेत असंही समजू नका. परवा विहीणबाईंना पुढच्या वेळचं विचारलं, तर म्हणाल्या, “अंडी कुठे स्वस्त झालीत अजून?”