मानेवरचा तो मळ नाही, ताई

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मुलगा 9 वर्षांचा आहे, उंची 136 सेंमी, वजन 46 किलो. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं लेकरू आहे, उगं नजर लावू नको. पण दोन महिन्यांपासून त्याची मान काळी पडायलीय, डाळीचं पीठ लावून घासते तरी निघंना. आणि खायचं म्हणाल तर जेवतच नाही हो, मोबाईल लावून दिला आणि मी भरवलं की मग तीन पोळ्या जातात. शाळेतून आला की आजोबांसोबत दुकानात, दोघं क्रीमच्या बिस्किटाचा पुडा चहात बुडवून संपवतात (आजोबांना शुगर आहे, पण ऐकत नाहीत). मग ट्युशन, पप्पा गाडीवर सोडतात. झोपायला साडेअकरा, सकाळी सहाला उठवते. थायरॉईड असंल का? डाएट चालू करू का?
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, आधी ते घासणं बंद करा, लेकराची कातडी सोलून निघंल. मान, काख अशी काळी आणि जाडसर झाली की बऱ्याचदा आत इन्सुलिन नीट काम करत नसतं, त्यात घरात शुगर आहेच, म्हणून या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, शुगर आणि बीपी तपासून घ्या. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, जवळजवळ 25 येतो. मोठ्यांच्या हिशोबानं हा आकडा काठावरचा वाटंल, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 9 वर्षांच्या मुलाला 20.5 च्या वर लठ्ठपणाच धरतात. थायरॉईड डॉक्टर बघतीलच, पण हार्मोनमुळं वजन वाढलेल्या लेकरांची उंची बहुतेक वेळा खुंटते, तुमच्या मुलाची वयाला बरोबर आहे.

आता जेवण. जेवतच नाही म्हणता आणि तीन पोळ्याही जातात म्हणता, त्या कशा जातात बघा ना, डोळे मोबाईलात, हात तुमचा, पोट भरलं हे त्याला कळायचं कधी? 9 वर्षांच्या पोराला भरवायचं नाही. ताटात काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या, दोन दिवस अर्धी भाकरी खाऊन उठला तरी मागं लागू नका (सासूबाई बोलतील, बोलू द्या). वेगळं डाएट वगैरे काही नको, त्याला एकट्याला उकडलेलं आणि बाकीच्यांना भजी असं केलं तर तो चोरून खाईल. सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, आणि मधल्या वेळंला फुटाणे, शेंगदाणे, पेरू असलं काहीतरी, मूठभरच. वजन आहे तिथंच थांबलं आणि उंची वाढत गेली तरी सुरुवातीला पुष्कळ झालं.

झोपेचं तर मला वजनाइतकंच टेन्शन आलं. या वयाला 9 ते 12 तास लागतात, तुमच्याकडं साडेसहाच होतात, आणि झोप कमी पडली की भूक वाढते, तीही गोडाची. लातूरात ट्युशन सोडा म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, तरी चौथीच्या पोराला रोज कशाला हो? निदान चालत तरी जाऊ द्या. दिवसाला तासभर घाम येईल असं खेळणं पाहिजेच.

राहिला पुडा. क्रीमच्या बिस्किटात 100 ग्रॅमला 30 ते 40 ग्रॅम साखर असते, पुड्यामागं बारीक अक्षरात छापलेली असते, आणि लेकरांना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत पाहिजे. आजोबांचा जीव आहे त्याच्यावर, तर संध्याकाळी दुकानाऐवजी मैदानावर नेण्याची ड्युटी त्यांनाच द्या, चालणं दोघांचंही होईल. त्यांची शुगर शेवटची कधी तपासली ते मात्र तुम्ही लिहिलं नाही.