बल आणि एकसमान त्वरण: सूत्रे पाठ असूनही गणित का चुकते?

न्यूटनचा दुसरा नियम (बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण) आणि गतीची तिन्ही समीकरणे तोंडपाठ आहेत, तरीही बल आणि एकसमान त्वरण एकत्र आलेल्या गणितात सुरुवात कुठून करावी ते समजत नाही आणि उत्तर हमखास चुकते, असे तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या पाहण्यात चूक सूत्रात क्वचितच असते. ती त्याआधीच, बलांची आकृती न काढल्यामुळे किंवा चुकीची काढल्यामुळे झालेली असते.

एक गणित घेऊ. गोदामाच्या सपाट फरशीवर २० किलोग्रॅम वस्तुमानाची पेटी आहे. पेटी आणि फरशी यांच्यातील घर्षणांक, म्हणजे घर्षणबल आणि फरशीने वर दिलेले बल यांचे गुणोत्तर, ०.२५ आहे. दोरीने ती ९० न्यूटन इतक्या क्षितिजसमांतर बलाने ३ सेकंद ओढली आणि मग दोरी तुटली. पेटी एकूण किती अंतर सरकेल? गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

वर्गातील निम्मी मुले लगेच ९० ला २० ने भागून त्वरण ४.५ काढतात. परंतु दुसऱ्या नियमातील बल म्हणजे गणितात दिलेले बल नव्हे, तर त्या वस्तूवर कार्य करणाऱ्या सर्व बलांची दिशेसह केलेली बेरीज, म्हणजेच परिणामी बल. ती सर्व बले सापडावीत यासाठी मी एकच सवय लावतो: पेटीला स्पर्श करणाऱ्या गोष्टी मोजायच्या. येथे दोरी आणि फरशी या दोनच आहेत, आणि स्पर्श न करता ओढणारी एक पृथ्वी. याखेरीज कोणतेही बल आकृतीत येऊ शकत नाही. पृथ्वी पेटीला २०० न्यूटनने खाली ओढते, फरशी तितक्याच बलाने तिला वर ढकलते (ही लंब प्रतिक्रिया), म्हणून घर्षणबल ०.२५ गुणिले २००, म्हणजे ५० न्यूटन मागच्या दिशेने. परिणामी बल ४० न्यूटन आणि त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग. येथे बलांचे काम संपले. पुढे फक्त गतीची समीकरणे लागतात: ३ सेकंदांनंतर वेग ६ मीटर प्रति सेकंद, आणि तोवर कापलेले अंतर ९ मीटर.

खरी अडचण दोरी तुटल्यावर सुरू होते. एका विद्यार्थिनीच्या वहीत या टप्प्याची आकृती मी पाहिली, तेव्हा मागे जाणाऱ्या घर्षणाच्या बाणासमोर तिने पुढे जाणारा आणखी एक बाण काढून त्यावर ‘वेगाचे बल’ असे लिहिले होते. मी तिला एवढेच विचारले, की आता पेटीला पुढे ढकलणारी वस्तू कोणती? तिने आकृतीकडे बराच वेळ पाहिले, फरशीवर बोट ठेवले, मग ते उचलले आणि खोडरबराने तो बाण पुसून टाकला. ही चूक बुद्धीची उणीव दाखवत नाही. गती टिकवायला सतत बल लागते हे ॲरिस्टॉटलचे मत शतकानुशतके मान्य होते, कारण रोजच्या अनुभवात ढकलणे थांबवले की वस्तू थांबते. ती घर्षणामुळे थांबते हे वेगळे काढून दाखवायला गॅलिलिओ यावा लागला, आणि न्यूटनने गतीचे नियम १६८७ मध्ये प्रसिद्ध केले. बल वेग देत नाही, वेगात बदल घडवते. पेटीपाशी त्या क्षणी असलेला ६ मीटर प्रति सेकंद हा वेग तिच्या आधीच्या प्रवासाचा परिणाम आहे, तिच्यावरील बल नव्हे.

तेव्हा दुसऱ्या टप्प्यात आडव्या दिशेने केवळ ५० न्यूटन घर्षण उरते आणि त्वरण उणे २.५ होते. पहिल्या टप्प्याचे त्वरण येथे चालत नाही, कारण गतीची समीकरणे त्वरण बदलत नाही तोवरच लागू असतात. परिणामी बल बदलले की नवा टप्पा, आणि मागचा अंतिम वेग हा त्याचा सुरुवातीचा वेग. येथे काळ दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही, म्हणून काळ नसलेले समीकरण निवडायचे: अंतर म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट, येथे ३६ भागिले ५, म्हणजे ७.२ मीटर. समीकरण निवडण्याची युक्ती एवढीच आहे. एकूण अंतर १६.२ मीटर.

उत्तर पडताळायला वेग-काळ आलेख काढा. वेग ३ सेकंदांत शून्यापासून ६ पर्यंत चढतो आणि पुढील २.४ सेकंदांत शून्यावर उतरतो. या त्रिकोणाचा पाया ५.४ आणि उंची ६, म्हणून क्षेत्रफळ १६.२. आलेखाखालचे क्षेत्रफळ हेच विस्थापन असल्याने दोन्ही उत्तरे जुळतात. परीक्षेत यासाठी अर्धा मिनिट लागतो आणि तो खर्च करावा असे माझे ठाम मत आहे.

चिन्हांविषयी थोडेच सांगतो: एक दिशा धन ठरवा आणि गणित संपेपर्यंत ती बदलू नका. वर फेकलेल्या चेंडूचा वेग सर्वोच्च बिंदूला शून्य होतो, त्वरण मात्र तेथेही खालच्या दिशेने ९.८ च असते. तसेच ताशी किलोमीटरमधील वेग आधी ३.६ ने भागून मीटर प्रति सेकंदात आणा.

आता हेच गणित दोरी क्षितिजाशी ३० अंश वर धरून सोडवून पाहा. ओढीचा ४५ न्यूटन इतका भाग पेटीला वर उचलतो, त्यामुळे लंब प्रतिक्रिया १५५ न्यूटन राहते आणि घर्षण ३८.७५ वर येते. पुढे ओढणारा भाग सुमारे ७७.९ न्यूटन होतो. त्वरण सुमारे १.९६, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच येईल. दोरी तुटताच मात्र घर्षण पुन्हा ५० न्यूटन धरायचे, कारण पेटीला वर उचलणारे आता कोणी नसते.