नावे भरलेली, जमा कोरी

"मॅडम, मी सगळ्यांचं करते पण माझ्या वेळेला कुणी येत नाही." हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकू येतं. बायका जास्त म्हणतात, पुरुष जरा वेगळं म्हणतात, "दोस्त काय, कामापुरते असतात." मतलब तोच. आज ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांनी सांगायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आणि नाव तर घेतच नाही. माझ्या डोक्यात त्या वहीवाल्या ताईच आहेत.

कारण वही खरंच आणलेली. वय 47, राहायला सांगलीत विश्रामबागला, मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब लिहितात, त्यामुळे लाल कापडी बांधणीच्या लांबड्या वह्यांना घरात तोटा नाही, त्यातलीच एक. आता आहेराची वही घरोघरी असतेच म्हणा, कुणी 501 घातले, कुणी पातेलं दिलं, उद्या त्यांच्याकडं कार्य निघालं की बघायला लागतं, त्यात वावगं काहीच नाही. पण ताईंच्या वहीत पैशापलीकडचं होतं. "डोहाळजेवण, 40 माणसांच्या पुरणपोळ्या." "सासरे वारले, कडू घास, पिठलं-भाकरी, 14 माणसं." "मुलाची बारावी, पहाटे क्लासला सोडणं, 3 महिने." आणि एका पानावर नुसतं, "ऑगस्ट 2019. 9 दिवस, 6 माणसं, 1 मांजर."

सांगलीकरांना त्या ओळीचा अर्थ सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची 45 फुटाला धोक्याची पातळी, त्या वर्षीच्या महापुरात पाणी 57 च्या वर गेलं. ताईंची दहावीपासूनची मैत्रीण गावभागात, तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हा अख्खं कुटुंब मांजरासकट ताईंच्या दोन खोल्यांत राहिलं होतं.

अशा पाचजणी. दहावीपासूनच्या, दर महिन्याला भिशी, एकमेकींची लग्नं, बाळंतपणं, बारशी, आता मुलींचे साखरपुडे. आणि गेल्या दिवाळीत ताईंच्या सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन, 12 दिवस दवाखाना. ग्रुपवर चौघींचे हात जोडलेले इमोजी आले, "काळजी घे गं", "काही लागलं तर सांग", आणि प्रत्यक्षात, ताईंच्या शब्दांत, "एक कुत्रं फिरकलं नाही मॅडम". त्यांनी वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली आणि बोट फिरवलं. "नावे बाजू, म्हणजे मी केलेलं, भरलीय बघा. जमा, म्हणजे मला मिळालेलं, कोरी."

मी आधी झोप, जेवण, चिडचिड, कामात मन लागतं का, सगळं विचारून घेतलं. घरात आजारपण असलं की करणारं माणूस आतून संपत आलेलं असतं आणि ते मैत्रिणींवरच्या रागाच्या रूपानं बाहेर येतं, असंही होतं. दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप उडाली असेल तर तो विषय मैत्रीचा उरत नाही, तिथं डॉक्टर लागतात (लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलतात). ताईंचं तसं नव्हतं. दमल्या होत्या आणि दुखावल्या होत्या.

आणि मग मी चुकले. मी म्हटलं, मनात ठेवू नका, स्पष्ट बोला त्यांच्याशी. पुस्तकात वाचायला छान वाटतं हे. ताई आज्ञाधारक, पुढच्या भिशीला वही घेऊनच गेल्या आणि चहा व्हायच्या आत वाचायला सुरुवात केली, डोहाळजेवणापासून. महापुराच्या पानावर येईपर्यंत गावभागातली रडायला लागली होती, आणि बँकेत आहे ती म्हणाली, "मग बिलच पाठव की, जीपे करते." पंधरा दिवस ग्रुपवर गुड मॉर्निंग पण नाही. पुढच्या वेळी ताई आल्या त्या माझ्यावरच चिडून, आणि बरोबर होतं त्यांचं. आमच्या धंद्यात "बोलून टाका" हे फार स्वस्तात देतो आम्ही. काय बोलायचं, कुणाशी, किती, चारचौघांत की दोघींत, हे आधी बसून ठरवायला पाहिजे होतं आणि ते माझं काम होतं.

त्या दिवशी मी त्यांना मोबाईल काढायला लावला. म्हटलं, त्या 12 दिवसांतले प्रत्येकीचे वेगवेगळे मेसेज काढा, ग्रुपवरचे नकोत. आणि वहीच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं लिहा. पहिला मेसेज बँकेतलीचा, "रात्री मी थांबू का गं, उद्या सुट्टीच आहे." उत्तर, "नको गं, आहेत सगळे." सगळे म्हणजे कोण तर त्या एकट्या. दुसरा गावभागातलीचा, "भाकरी आणून देऊ का." "नको, कँटीन आहे." कुपवाडची म्हणाली होती गाडी पाठवते, त्यावर "रिक्षा मिळते की". असं करत सात ओळी झाल्या. सातव्या ओळीला पेन्सिल थांबली आणि ताई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग हळूच म्हणाल्या, "मीच की नको म्हटलं सगळ्यांना."

का नको म्हटलं ह्याची गोष्ट छोटी आहे. वडील लवकर गेले, तासगावकडं मामाच्या घरी वाढल्या, तिथं ताटात पडलेली भाकरी मोजली जायची आणि बोलून दाखवली जायची. आई रोज बजावायची, कुणाच्या उपकाराखाली राहू नको. बाई आयुष्यभर राहिल्या नाहीत. फक्त दुसऱ्यांना ठेवत गेल्या, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी ते तोंडावर म्हटलं नाही, एकदा चूक करून झाली होती.

आता मैत्रिणींची बाजू पण स्वच्छ नाही हं. "काही लागलं तर सांग" हे मला कधीच पटलेलं नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेल्या माणसानं आधी काय लागतंय ते शोधायचं, मग कुणाला जमेल ते ओळखायचं, मग लाज बाजूला ठेवून फोन करायचा, म्हणजे वरून अजून एक काम. आपल्याकडं कडू घास आणतात तेव्हा विचारतात का कुणी, भाकरी आणू का म्हणून? चूल बंद आहे हे सगळ्यांना माहीत असतं, शेजारपाजारचे आणून ठेवतात, वाढतात, भांडी उचलून जातात. 2000 साली नायल बोल्जर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत वकिलीच्या परीक्षेला बसलेल्यांवर अभ्यास केला, त्यात असं दिसलं की जोडीदारानं केलेली जी मदत त्या माणसाच्या ध्यानातही आली नाही तिनं जास्त आधार मिळाला, आणि "मला मदत होतेय" असं जाणवलं की उलट मन खट्टू झालेलं. मला ते वाचून कडू घासच आठवला. तर तुमच्या मैत्रिणीच्या घरी कुणी ॲडमिट असेल तर विचारू नका, "उद्या सकाळचा डबा माझा, 9 ला गेटवर येते" एवढंच टाका, ती नको म्हणाली तरी जा.

ताईंना मी एकच काम दिलं. आठ दिवसांत एकीकडून काहीतरी घ्यायचं, आणि फेडायचं नाही.

घेणं जमलं. गावभागातलीला त्यांनी स्वतः फोन केला, माफी-बिफी काही नाही, नुसतं, "आईंना तुझ्या हातचं वरणफळ खावंसं वाटतंय." ती तासाभरात डबा घेऊन हजर, स्टीलचा, कडीचा, झाकणावर तिच्या सासऱ्यांचं नाव घातलेला. खरा घोळ पुढं झाला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो ना आपल्यात, साखर तरी घालायची. ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज केला, "मॅडम डबा घासून ठेवलाय, भडंग भरू का?" मी लिहिलं, नको. दुपारी, "निदान चार लाडू?" नको. तिसऱ्या दिवशी ओट्यावरच्या डब्याचा फोटोच आला, खाली काही लिहिलेलं नाही. एका डब्यानं बाईची झोप उडवली, मिस्टर म्हणायला लागले की तो डबा मीच देऊन येतो बाबा.

पाचवी मात्र आजपर्यंत आलेली नाही. तिनं त्या 12 दिवसांत वेगळा एक मेसेजही केला नव्हता आणि भिशीतल्या राड्यानंतरही काही बोलली नाही. तिच्या घरी काही चाललं असेल, नसेलही. ताईंनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा करू का म्हणून विचारलं, मी म्हटलं तुमच्यावर आहे. तिला भिशीपुरतीच ठेवू म्हणाल्या. दुखतंय त्यांना अजून ते. बँकेतलीशी अजून जरा ताणलेलंच आहे, पण सासूबाईंना फिजिओला न्यायला मंगळवारी तिची गाडी येते.

डबा नवव्या दिवशी गेला. ताईंनी रिक्षातूनच मला फोन केला, "रिकामाच दिला हो मॅडम, हात थरथरत होते, तिच्या तोंडाकडं बघवलं नाही."

"मग ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, घासलायस का नीट, फोडणीचा वास मारतोय."