पेटी घरात आली, आणि बाईंना रडू आलं

"ताई, जन्मभर जी मागितली ती पेटी घरात आलीय आणि मला नुसतं रडू येतंय. माझं काही बिघडलंय का?"

निपाणीहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेनं खुर्चीत टेकता टेकताच हे विचारलं. पेटी म्हणजे हार्मोनियम. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही बाईच म्हणत गेले.

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. चिकोडीकडच्या एका गृहस्थांनी कॉलेजच्या वयापासून मनात धरलेली येझदी मोटारसायकल साठीत मिळवली. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडलेला, त्यामुळे एकेक सुटा भाग शोधून त्यांनी ती उभी केली आणि महिनाभरात ताडपत्रीखाली झाकून ठेवली. कुणाचं घर असतं, कुणाच्या पाटल्या. वस्तू हातात येते आणि ज्या आनंदाची एवढी वाट बघितली तो येतच नाही. मग माणूस स्वतःलाच कृतघ्न ठरवून गप्प बसतो. म्हणून बाईंची हकिगत जरा सविस्तर सांगते.

बाईंची आई विड्या वळायची. निपाणीत तंबाखू आणि विडी यांच्यावरच कितीतरी घरं चालली, त्यातलंच हे एक. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. हजार विड्या झाल्या की कारखान्यात द्यायच्या, त्यातून छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, निघाली की मजुरी गेली. संध्याकाळी देवळात भजन असे. तिथे पेटी वाजवणाऱ्या बुवांच्या शेजारी ही पोर बसून राही. बुवांचा डावा हात भात्यावर मागंपुढं व्हायचा आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर पळायची. घरी येऊन ती आईच्या सुपाच्या काठावर तशीच बोटं फिरवायची. "तंबाखू सांडंल, हात काढ," आई ओरडायची आणि लगेच म्हणायची, "पुढल्या दिवाळीला बगू तुझी पेटी."

ती दिवाळी आलीच नाही. पुढे शिक्षक-प्रशिक्षणासाठी बाई बेळगावला आल्या. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा पेटीवादक ज्या गावात राहून शिष्य घडवत होता, त्या गावात दोन वर्षं राहूनही पेटीच्या क्लासची फी विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. मग नोकरी, लग्न, मुलं. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर मुलाला घेऊन त्या मिरजेला गेल्या आणि साडेतीन सप्तकांची, खर्ज-नर जोडसुरांची (एक पट्टी दाबली की खालचा आणि मधला असे दोन सूर बोलणारी), गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड्सची, म्हणजे सूर देणाऱ्या धातूच्या पात्यांची, पेटी घेऊन आल्या. दिवाणावर ठेवली. भाता ओढून एक सा दाबला. सूर भरून आला, तसा त्यांनी हात काढला आणि वर कापड टाकलं. तीन आठवडे ते कापड निघालं नव्हतं. घरात कुजबुज चालू होती की एवढे पैसे घालून आणली कशाला.

नैराश्याचा आजार तर नाही ना, हे मी आधी पाहिलं. झोप थोडी कमी होती, पण भूक नीट होती. नातवंडांत मन रमत होतं. जगणं नकोसं वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. तसं काही नव्हतं.

मग माझ्याकडून चूक झाली. रोज दहा मिनिटं वाजवायला बसा, असा गृहपाठ मी दिला. पुढच्या खेपेला बाई आणखी उतरलेल्या चेहऱ्यानं आल्या. म्हणाल्या, "शिक्षा भोगल्यासारखं बसते ओ ताई." मी फार लवकर उपायाकडे धावले होते. त्या दिवशी साधंच विचारलं, "पेटी आली त्या संध्याकाळी घरात कोण कोण होतं?"

त्यांनी नावं घेतली आणि मध्येच थांबल्या. "आई नव्हती."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. पेटीसाठी ती खरंच एका डब्यात पैसे टाकत असे, आणि तोच डबा प्रशिक्षणाच्या फीसाठी रिकामा झाला होता. हे बाईंना आईच्या शेवटच्या आजारपणात कळलं. तोवर आई नुसती थापा मारत होती असं धरून त्या मनात अढी ठेवून होत्या. इतकी वर्षं पेटी हवी होती, तेवढंच आईला ती दाखवायचंही होतं. पेटी मिळाली. दाखवायचं मात्र कायमचं राहिलं, आणि ते सा दाबल्यावर कळलं. हे दुःखच आहे. ते दहा मिनिटांच्या रियाजानं जात नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली. हवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं, ही मेंदूतली दोन निराळी कामं आहेत. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे पाहिलं. मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन जवळजवळ संपवलेले उंदीर आपण होऊन खायला उठत नसत, पण तोंडात गोड घातलं की आवडीनं जिभल्या चाटत. म्हणजे ओढ संपली तरी आवड शिल्लक राहते. उलटही होतं. ओढ वर्षानुवर्षं धगधगत राहते, आवडीची ओळख मात्र नव्यानं करून घ्यावी लागते. बाईंना पेटीची ओढ पन्नास वर्षांची होती, पेटीशी ओळख तीन आठवड्यांची.

वाजवायचं आम्ही थांबवलं. कापड काढायचं, भाता सोडायचा, एकच सूर धरून आईशी मनात जे बोलायचं ते बोलायचं. वेळ ठरवलेली नाही. पहिले काही दिवस त्या रडल्या, मी रडू दिलं. पुढे एक दिवस अढीबद्दल बोलल्या, आईची माफी मागितली. मग गावातल्याच एका तरुण मुलाकडे अलंकार, म्हणजे सुरांचे सुरुवातीचे पलटे, शिकू लागल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना सारेग-रेगम अडखळत म्हणायची लाज वाटायची, बोटं वळायची नाहीत. तरी जात राहिल्या.

तुमचंही असंच झालं असेल तर वस्तू विकायची किंवा स्वतःला दोष द्यायची घाई करू नका. ती वस्तू कुणाला दाखवायची होती, कुणासोबत वापरायची होती, हे आधी आठवून बघा. मात्र दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर वस्तूचा विचार बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपल्या भागातले लोक धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेतही जातात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि भाषा निवडता येते. मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, आजच फोन करा.

बाईंचं येणं सहा भेटींनंतर थांबलं. जुलैत एकदा फोन आला. पावसाच्या ओलीनं मधल्या सप्तकातली गंधाराची पट्टी दबली की वर येत नाही, मिरजेला न्यावी की बेळगावात कुणी दुरुस्त करणारं आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं.