बालवर्गातल्या मुलांना दुसऱ्या देशाची ओळख कशी करून द्यावी?

बालवर्गात 'जपान दिवस' करायचाय, झेंडा, पोशाख आणि नकाशा याशिवाय काय ठेवता येईल, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवते. मी तर म्हणेन, ते तिन्ही बाजूलाच ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'देश' कळत नाही, पण आपल्याएवढं दुसरं मूल लगेच कळतं. तिथलं मूल सकाळी उठून काय करतं, काय खेळतं, इथून सुरुवात करा.

आम्ही कोइनोबोरी केले होते. ५ मे हा जपानचा बालदिन, १९४८ पासून राष्ट्रीय सुट्टी. त्या सुमारास उंच काठीवर कार्प माशांच्या आकाराच्या कापडी पताका फडकतात, तेच कोइनोबोरी. धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो, ही मूळची चिनी दंतकथा त्यामागे आहे. आम्ही पातळ कागदाच्या नळ्या केल्या, तोंडाला पुठ्ठ्याची कडी लावली आणि बोटांच्या ठशांनी खवले उमटवले. एका मुलीने कडी लावलीच नाही. अंगणात सगळ्यांचे मासे पोहायला लागले, तिचा मात्र चपटा लटकत राहिला. मी गप्प राहिले. तिने शेजारच्या मुलाच्या माशाच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि धावत आली, "बाई, मला पण गोल पाहिजे!" त्या दिवशी धबधब्याची गोष्ट तिने मला चार वेळा सांगायला लावली.

गोष्ट सांगायला कामिशिबाई वापरा. लाकडी चौकटीत एकेक चित्र सरकवत जायचं, मजकूर चित्राच्या मागे. १९३० च्या दशकात जपानमध्ये सायकलवरून फिरणारे कथेकरी रस्त्यात अशाच गोष्टी सांगत. पुठ्ठ्याच्या खोक्याचीही छान चौकट होते. शिवाय तिथल्या बालवाडीत मुलं दारात बाहेरचे बूट काढून आतले घालतात, तेही करून बघता येईल. जान-केन-पोन, म्हणजे हातांनी खेळायचा दगड-कागद-कात्रीचा खेळ, तर मुलं पाच मिनिटांत शिकतात.

एक मात्र कळकळीने सांगते. फक्त किमोनोची चित्रं दाखवू नका, नाहीतर तिथे सगळे रोज तसेच फिरतात असं मुलांच्या मनात बसतं. रेनकोट घातलेल्या, चिखलात खेळणाऱ्या आजच्या मुलांचे फोटो लावा. वर्गात कुणाचं घर जपानशी जोडलेलं असेल तर पालकांना गाणं म्हणायला बोलवा, पण त्या मुलाला सगळ्यांसमोर नमुना म्हणून उभं करू नका.

आणि हे एका दिवसात उरकू नका, दोन आठवडे तरी द्या. मासे खिडकीत राहू देत, मुलं येता-जाता त्यांच्याशी बोलतात.