फ्लूट क्वार्टेट ऐकायला कुठून सुरुवात करावी

अरे वा, फ्लूट क्वार्टेट, म्हणजे फ्लूट, व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौघांची रचना, ऐकायला सुरुवात करताय? छान नाद लागलाय! फक्त एक करा, शंभर ट्रॅकची प्लेलिस्ट लावून बसू नका, कंटाळून सोडून द्याल. मोझार्टचं डी मेजर या पट्टीतलं क्वार्टेट घ्या, के. २८५ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), १७७७ साली मानहाइममध्ये लिहिलेलं, जेमतेम पंधरा मिनिटांचं, आठवडाभर तेवढंच ऐका. मधल्या अडाजिओत, म्हणजे संथ भागात, फ्लूट एकटं गात असतं आणि खाली व्हायोलिन, व्हायोला, चेलो तिघंही गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, आणि ते नीट संपतच नाही, थेट शेवटच्या रोंदोत, म्हणजे मुख्य धून पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागात, घुसतं. भारी आहे ते!

नवीन लोक हमखास चुकतात ते असं:

- फक्त फ्लूटच्या मागे धावणं. एकदा नुसता चेलो धरून ऐका.
- जुन्या पद्धतीच्या लाकडी फ्लूटचं रेकॉर्डिंग ऐकून 'हे बेसूर आहे' म्हणणं. बेसूर नाही हो, ती मंडळी मुद्दाम आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा खालची पट्टी घेतात.

मग हायडन या संगीतकाराची लंडन ट्रिओ, म्हणजे तिघांनी वाजवायच्या रचना, १७९४च्या, दोन फ्लूट आणि एक चेलो, एकदम हलकीफुलकी. टेलेमान या संगीतकाराची पॅरिस क्वार्टेट्स मला खरंतर जास्त आवडतात पण ती आत्ता नको, आणि कुठला फ्लूट किती चाव्यांचा (बोटांनी दाबायच्या कळांचा) वगैरे भानगडीत तर अजिबात पडू नका.